इंजिनाला रिंग देणारी मुलगी

माझं बालपण ज्या दोन खोल्यांत गेलं, त्यांचं पुढचं दार गावाकडं उघडायचं आणि मागचं दार फलाटावर. फलाट म्हणजे तरी काय, मुरूम टाकून चोपलेला, रुळांपेक्षा वीतभर उंच असा लांबट ओटा. पॅसेंजर आली की म्हाताऱ्या बायांना दोघांनी काखेत हात घालून डब्यात चढवावं लागायचं. आमच्या क्वार्टरच्या भिंतीला लागून सिग्नलची तार जायची. स्टेशनमास्तरांनी खटका ओढला की ती तार चाकांवरून सरकत ‘खण्ण’ करून ताणली जायची, आणि तो आवाज आला की माय तवा चुलीवर ठेवायची. घड्याळ घरात नव्हतं. सकाळच्या पॅसेंजरला ज्वारीच्या भाकरी, दुपारच्या मालगाडीला धुणं, संध्याकाळच्या पॅसेंजरला वरण फोडणीला. गाडी लेट झाली की आमचं जेवण लेट व्हायचं, आणि गाडी रद्द झाली त्या दिवशी माय दिवसभर चुकल्यासारखी घरात हिंडायची.

करंजगाव हे बदनापूरच्या पुढचं एवढंसं स्टेशन. दगडी इमारत, वर मंगलोरी कौलं, मधे उघडा हॉल, त्यात एक लांब सागवानी बाक. तिकिटाची खिडकी इतकी खाली की मोठ्या माणसाला वाकून बोलावं लागायचं, जणू मास्तरांना मुजरा करतोय. बायकांसाठी वेगळी खोली होती, पण तिच्यात कापसाच्या गाठींचा वजनकाटा आणि मोडकी ढकलगाडी ठेवलेली, त्यामुळं बायका हॉलमधेच पदर डोक्यावर घेऊन जमिनीवर बसत. प्यायच्या पाण्याचे दोन रांजण निंबाच्या सावलीत पुरलेले होते. पाणी स्टेशनच्या आडाचं, आणि गोड. शेजारचे रहीमचाचा सांगायचे की स्टेशन इथं झालं तेच मुळी त्या पाण्यामुळं. निजाम सरकारच्या वक्ताला लाइन टाकून राह्यले होते, तेव्हा स्टेशन खरं तर शेजारच्या गावाला व्हायचं होतं. पण तिथं खणलेल्या आडाला खारं पाणी लागलं, आणि इंजिनाला खारं पाणी चालत नाही. मग साहेब लोक इथं आले, पाटलांच्या मळ्यातलं पाणी चाखलं आणि मळ्यातच खुंट्या मारल्या. चाचांचे वडील त्या कामावर खलाशी, म्हणजे मजूर, होते. इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात एका दगडावर उर्दूत आकडे कोरलेले होते, ते आम्हा पोरांना दाखवून चाचा म्हणायचे, “ये मेरे बावा के सामने बिठाया हुआ फत्तर है.” ही हकीकत खरी की खोटी, कोण जाणे. माझा मात्र अजूनही तिच्यावर विश्वास आहे.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्या स्टेशनावर पॉइंट्समन होते. रुळांचे सांधे बदलणं, सिग्नलचे दिवे लावणं, घंटा वाजवणं, गाडीला झेंडी दाखवणं, सगळं त्यांच्याकडं. बारा तास ते आणि बारा तास रहीमचाचा. दोघांची क्वार्टरं भिंतीला भिंत लावून होती. माझ्या दोन मोठ्या बहिणी लग्न होऊन एक आष्टीला आणि एक वडीगोद्रीला गेल्या होत्या, त्यामुळं घरात मी एकटीच उरले होते. अण्णा फार कमी बोलायचे. जेवताना “वाढ” आणि “पुरे” एवढे दोनच शब्द. त्यांच्याशी बोलणं होण्याची माझी हक्काची वेळ एकच होती, दिवेलागणीच्या आधीची. फलाटाच्या टोकाला पत्र्याची दिवेखोली होती. रॉकेलचा वास, काजळी, सुती चिंध्या. तिथं मी सिग्नलच्या दिव्यांच्या काचा राखेनं घासून जुन्या वर्तमानपत्रानं पुसून द्यायची आणि अण्णा वाती कापायचे. तिथंही ते बोलत नसत फारसे, पण मी दिलेली काच उजेडाकडं धरून बघायचे आणि मान हलवायचे. त्या मान हलवण्यावर माझा दुसरा दिवस जायचा.

मी सातवीत होते तेव्हा नवे मास्तर आले. तेलंगणातले. नाव मोठं होतं, पण सगळे त्यांना रावसाहेब म्हणायचे. बायकोला बाळंतपणानंतर अशक्तपणा होता म्हणून ती माहेरी राहिली आणि रावसाहेब मोठ्या मुलीला घेऊन इकडं आले. ती मुलगी म्हणजे सरोजा. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा वीतभर उंच, दोन वेण्यांत अबोलीचे गजरे, आणि पायात बूट. आम्ही दोघी बदनापूरच्या शाळेत एकाच वर्गात, एकाच गाडीनं, एकाच डब्यातून जायचो. पहिल्या दिवशी तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात ती भांडायला लागली होती.

तिला कशाचीच लाज नव्हती. महिनाभरानं एक दिवस ती आमच्या मागच्या दारातून सरळ चुलीपाशी आली आणि कढईत डोकावून म्हणाली, “हे काय आहे? आमच्या गोंगूरासारखा वास येतो.” ती अंबाडीची भाजी होती, ज्वारीच्या कण्या घातलेली, वर लसणाची फोडणी. मायनं ताटलीत घालून दिली. तिनं संपवली आणि ताटली पुढं केली, “अजून.” आमच्याकडं पाहुण्यानं दुसऱ्यांदा मागायचं नसतं, यजमानानं आग्रह करायचा असतो. मी मायच्या तोंडाकडं बघितलं, म्हटलं आता ही मनातल्या मनात काय म्हणेल. माय हसत होती. आपल्या हातचं कुणीतरी मागून खाल्लं, याचं तिला इतकं कौतुक की तेव्हापासून अंबाडी केली की पहिली वाटी मास्तरांच्या घरी. मला अंबाडी आवडत नाही असं मी त्यानंतर जाहीर केलं. कुणी लक्ष दिलं नाही. आजही मी ती खात नाही, आणि खरं कारण मुलांना कधी सांगितलेलं नाही.

अण्णांना अण्णा म्हणतात हे ऐकून तर ती पोट धरून हसली. तिच्या भाषेत अण्णा म्हणजे मोठा भाऊ. “बापाला भाऊ म्हणते ही!” मग ती त्यांना मामा म्हणायला लागली. फलाटावरून पळत यायची, “मामा, गाडी आला! मामा, सिग्नल पडली!” आणि माझे दोन शब्दांचे अण्णा कमरेवर हात ठेवून हसायचे. “गाडी आला न्हाई गं, गाडी आली. सिग्नल पडला.” “का? सिग्नल पुरुष आहे?” “हाये.” “आणि गाडी?” “गाडी बाईमाणूस.” “मग इंजिन?” अण्णा विचारात पडायचे. “इंजिनाचं काय न्हाई. ते ना बाई ना बुवा.” असं तासन्‌तास. मी क्वार्टरच्या उंबऱ्यावर बसून ऐकायची. मला शुद्ध मराठी येत होती, माझा वर्गात दुसरा नंबर होता, पण बरोबर बोलणाऱ्या पोरीला कोण काय शिकवणार? मी एकदा मुद्दाम म्हणून बघितलं, “अण्णा, गाडी आला.” त्यांनी माझ्याकडं विचित्र बघितलं आणि म्हणाले, “ताप-बिप आला का काय?”

मग ती दिवेखोलीत यायला लागली. पहिल्या दिवशी नुसती दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मला पण दे.” मी तिला मुद्दाम लाल काच दिली, कारण लाल काच स्वच्छ झालेली लवकर कळत नाही. तिनं हात काळे करून घेतले, तोंडाला काजळी फासून घेतली आणि अण्णांना म्हणाली, “मामा, मी कशी दिसते?” अण्णांनी खांद्यावरच्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं. माझं तोंड त्यांनी कधी पुसल्याचं मला आठवत नव्हतं. पुसलं असेलच, बाप होते ते माझे, लहानपणी शंभर वेळा पुसलं असेल. पण आठवत नव्हतं हे खरं. दोन-चार दिवसांनी मी मायला सांगितलं की मला अभ्यास आहे, मी दिवे पुसायला जाणार नाही. मला वाटलं होतं अण्णा विचारतील. त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी पुस्तक उघडं ठेवून मी दिवेखोलीतलं हसणं ऐकत बसायची, आणि पान उलटायचं विसरायची. त्या वयात मत्सर हा शब्द मला माहीत होता, निबंधात वापरलाही होता. पण त्या ऐकत बसण्याचं नाव तेच आहे, हे कळायला बरीच वर्षं गेली.

आता रिंगेबद्दल सांगायला हवं, कारण आजच्या मुलांनी ती पाहिलेली नाही. तेव्हा आमची लाइन लहान रुळांची आणि एकेरी. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पुढच्या स्टेशनपर्यंतची वाट मोकळी असल्याची खूण ड्रायव्हरच्या हातात द्यावी लागायची. मास्तरांच्या खोलीत एक लाल रंगाचं यंत्र होतं. पुढच्या मास्तरानं होकार दिला तरच त्यातून एक लोखंडी गोळा बाहेर पडायचा. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालायचा आणि ती पिशवी वेताच्या मोठ्या रिंगेला बांधलेली असायची. गाडी थांबणारी असेल तर काही प्रश्न नाही. पण न थांबणारी मालगाडी आली की अण्णा फलाटाच्या कडेला रिंग उंच धरून उभे राहायचे. इंजिनात कोळसा घालणारा खलाशी बाहेर झुकून हात रिंगेत घुसवायचा आणि जाता जाता मागच्या स्टेशनची रिंग खाली फेकायचा. सगळं दोन श्वासांत. इंजिनाची गरम हवा, पायाखालची थरथर, आणि धुरातून बाहेर आलेले रिकाम्या हाताचे अण्णा. मला ते त्या क्षणी जगातले सगळ्यात मोठे माणूस वाटायचे. माय म्हणायची, “तिकडं जाऊ नको, ते पोरीबाळींचं काम न्हाई.” मी जात नव्हते. दारातून बघायची.

त्या सकाळी मी रांजणात पाणी भरत होते. कापसाची मालगाडी सुटल्याची घंटा होऊन गेली होती. अण्णांची ड्युटी संपत आली होती आणि रहीमचाचा डबा घेऊन नुकतेच आले होते. सरोजा शाळेच्या कपड्यात फलाटावर होती. तिनं काहीतरी म्हटलं, अण्णांनी मान हलवून नको म्हटलं. तिनं परत म्हटलं. चाचा म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं, “भाई, बच्ची के हात में मत दो. कायदे का काम है ये.” अण्णा हसले. “मी हाये ना धरून.” आणि त्यांनी रिंग तिच्या हातात दिली.

ती कडेला उभी राहिली. अण्णांनी मागून एका हातानं तिची कंबर धरली, दुसऱ्या हातानं तिचं मनगट वर सरळ केलं. इंजिन आलं. धुरात मला फक्त तिच्या वेण्या उडताना दिसल्या. खलाशानं वाकून रिंग उचलली, पोरगी बघून तो मोठ्यानं ओरडला, आणि ड्रायव्हरनं गंमत म्हणून शिट्टी दिली, लांबलचक. गाडी निघून गेल्यावर सरोजा दोन्ही हात वर करून फलाटभर नाचत होती. अण्णा तिच्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी माझ्या बहिणींच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. माझ्या हातातली घागर तिरपी झाली होती आणि पाणी माझ्याच पायांवर सांडत होतं. रांजण भरलाच नाही त्या दिवशी.

शाळेत तिनं सगळ्यांना सांगितलं. बाईंनी तिला वर्गापुढं उभी करून सगळं वर्णन करायला लावलं. तिचं वर्णन चुकीच्या मराठीत होतं आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. माझ्या वडिलांची गोष्ट, माझ्या फलाटावरची गोष्ट, आणि सांगणारी ती.

पुढच्या महिन्यात तपासणीचे साहेब आले. स्टेशनं तपासत फिरणारे असे साहेब वर्षातून दोनदा यायचे. त्यांच्या आधी दोन दिवस सगळं स्टेशन धुतलं जायचं, बाकाला तेल लागायचं, आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्यांत नवी वाळू पडायची. साहेबांनी वही बघितली, दिवे बघितले, रांजणावरची झाकणं उचलून बघितली आणि हॉलमधे बाकावर टेकले. मायनं माझ्या हातात पाण्याचा पेला आणि गुळाचा खडा दिला. साहेब चांगले होते. वयस्कर, चष्म्याचे. त्यांनी विचारलं, “कितवीत आहेस? मोठी होऊन काय होणार? वडिलांसारखी रेल्वेत लागणार का?”

मी म्हणाले, “रेल्वेत तर सरोजा लागली बी.”

“कोण सरोजा?”

“मास्तरांची. तिनंच दिली इंजिनाला रिंग. चालत्या गाडीला.”

मला चांगलं आठवतंय, मी हसत म्हणाले होते. लहान मुलीनं गंमत सांगावी तशी. पण गंमत नव्हती ती. मनाशी मी ठरवलं होतं की साहेब रावसाहेबांना रागावतील, रावसाहेब तिला रागावतील, आणि तिचं फलाटावर येणं बंद होईल. अण्णांचं नाव मी घेतलं नव्हतं. इतकी काळजी मी घेतली होती, आणि तेवढ्यानं अण्णा वाचतील असं मला वाटत होतं. साहेब हसले, पाणी प्यायले, पेला परत दिला. “गोड पाणी आहे तुमचं,” म्हणाले. दुपारच्या गाडीनं निघून गेले. मला वाटलं काहीच झालं नाही. थोडं वाईटसुद्धा वाटलं.

पंधरा दिवसांनी कागद आले. रिंग द्यायचं काम कोणाचं, ते साहेबांना कुणी सांगायला नको होतं. अण्णा निलंबित, आणि चौकशी होईपर्यंत घरी. रावसाहेबांची बदली, पार तिकडं रेल्वेच्या हद्दीच्या टोकाला. घरात काय घडतंय ते मला पहिल्यांदा कळेना. अण्णा नेहमीच्या वेळी उठले, निळा सदरा अंगात घातला, मग थांबले, आणि परत काढून खुंटीला लावला. सिग्नलची तार खण्ण झाली तेव्हा ते जागच्या जागी दचकून उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले. दिवसभरात असं सहा-सात वेळा. मायनं त्या दिवसापासून तारेच्या आवाजावर स्वयंपाक करणं सोडलं.

रावसाहेब गेले त्या दिवशी सामान ब्रेकच्या, म्हणजे गार्डच्या, डब्यात चढवायला अण्णाच होते, सदरा नसलेले, साध्या बनियनवर. सरोजा त्यांच्या गळ्यात पडून रडली. “मामा, माझ्यामुळं.” “न्हाई गं बाई. तू काय केलंस? माझीच अक्कल.” मग ती माझ्याकडं आली. रडून डोळे लाल झालेले. “शकू, कोण सांगितला?” मी म्हणाले, “मला काय माहीत?” आणि गाडी हलली तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की ती त्यांच्या गळ्यात पडली, आणि मला आता कितीही रडू आलं तरी तसं पडता येणार नाही.

कोणी सांगितलं याचा विचार अण्णा घरात बसून करत होते. शाळेतली पोरं काही साहेबांपर्यंत जाणार नव्हती, म्हणून विचार करून ते रहीमचाचांपाशी येऊन थांबले. त्या सकाळी तिथं तिसरं कोण होतं? कायद्याचं नाव कोणी काढलं होतं? एके दिवशी आडावर, गावातल्या बायका पाणी भरत असताना, अण्णा चाचांना म्हणाले, “तुलाच खुपलं का रे? माझ्या जागी कोण येणार, तुझा मेहुणा का?” चाचांच्या हातात दोर होता. तो त्यांनी सोडून दिला, बादली आडात गेली. “भाई, बीस साल में मेरे कू इतनाच समजा क्या?” म्हणाले, आणि बादली न काढताच घरी गेले. त्या दिवसापासून दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवरून होणारी मीठ-मिरचीची देवघेव थांबली. मी वीस साल हा हिशोब तेव्हा केला होता. माझ्या वयापेक्षा जास्त.

सांगायची संधी मला रोज होती. मी सांगितलं नाही. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते, की पहिले काही दिवस मी आतून खूश होते. अण्णा घरात होते. माझ्याजवळ होते. सरोजा नव्हती. मी त्यांच्यापुढं ताट ठेवायची, मुद्दाम अक्षर काढत बसायची, कविता मोठ्यानं म्हणायची. ते माझ्याकडं बघत, पण त्या बघण्यात मी कुठंच नव्हते.

मग ईद आली. दर ईदला चाचींकडून शीरखुर्म्याचं भांडं यायचं, पितळी, वर क्रोशाचा रुमाल. त्या वर्षी येणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. पण आलं. चाची स्वतः आल्या, उंबऱ्यावर भांडं ठेवलं आणि न बोलता वळल्या. अण्णा खाटेवरून म्हणाले, “परत कर.” माय म्हणाली, “सणाचं हाय हो.” अण्णा मला म्हणाले, “शकू, परत करून ये.”

दोन दारांमधे वीस पावलं होती. भांडं गरम होतं, रुमालातून खारकेचा आणि तुपाचा वास येत होता. दार चाचींनी उघडलं. नवा हिरवा सूट, डोळ्यांत सुरमा. त्यांनी माझ्या हातातल्या भांड्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा असा पडला की माझ्या तोंडून निघून गेलं, “चाची, मैंने बोली थी. साब कू. चाचा ने नहीं.”

 मला वाटलं, चाची मारतील. पण त्या म्हणाल्या, “ये बात मेरे कू कायकू बोलती? तेरे बाप कू बोल.” भांडं त्यांनी परत घेतलं नाही. माझ्या हातातच ठेवलं आणि दार लोटून घेतलं. लावलं नाही, नुसतं लोटलं.

मी घरात येऊन उभ्या उभ्याच सांगितलं. मायनं तोंडावर हात घेतला. अण्णांनी मला मारलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या वेळी मात्र मी त्यांना दिसत होते. “कशापायी?” एवढंच विचारलं. माझ्याकडं सगळं उत्तर तयार होतं, दिवेखोलीपासूनचं, तोंड पुसण्यापासूनचं. मी म्हणाले, “असंच.”

अण्णा उठले. खुंटीवरचा सदरा घातला, तोच निळा. माझ्या हातातलं भांडं स्वतः घेतलं आणि मला म्हणाले, “चल.” चाचांच्या घरात पाहुणे होते. अण्णा दारातच उभे राहिले, टोपी काढून, आणि सगळ्यांच्या समोर म्हणाले, “रहीमभाई, माझ्या घरातनंच गेल्तं ते. मी तुला बोललो ते चुकलं.” चाचांनी एकदा माझ्याकडं बघितलं. इतकंच, एकदा, आणि लगेच नजर काढली. “बच्चा है भाई,” म्हणाले. “अंदर आओ. ठंडा हो रा.” अण्णा त्यांच्या शेजारी बसून शीरखुर्मा प्यायले. मला चाचींनी वाटी दिली. मी प्यायले, पण त्याची चव मला आज सांगता येणार नाही.

चौकशी होऊन अण्णांना कामावर घेतलं, पण एक वर्षाची पगारवाढ थांबवून आणि परभणीकडच्या एका स्टेशनावर पाठवून. तीन वर्षं ते तिकडं एकटे राहिले, माझ्या शाळेपायी क्वार्टर आमच्याकडंच होतं. आठवड्यातून एकदा, कधी पंधरा दिवसांनी यायचे, आणि आले की झोपायचे. मी सरोजाला घालवायला गेले आणि अण्णांना घालवून बसले. माय यावर मला एका शब्दानं बोलली नाही. रोज संध्याकाळी मात्र वरण फोडणीला घालताना तिचा हात एक क्षण थांबायचा, आणि तेवढं मला पुरायचं.

सरोजाचं एक पोस्टकार्ड आलं. मराठीतून. “प्रिय मामा, माझा आई बरा आहे. भाऊ चालतो. इथला स्टेशन मोठी आहे.” अण्णा आले तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचलं, चाचांना वाचून दाखवलं. ते झोपल्यावर मी पेन घेऊन त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. माझी आई बरी आहे. इथलं स्टेशन मोठं आहे. बाईंसारखं, ओळीच्या वर, नीट अक्षरात. उठल्यावर अण्णांनी ते बघितलं. कागद आले तेव्हा जे ओरडले नव्हते, मी कबूल केलं तेव्हा ओरडले नव्हते, ते त्या पोस्टकार्डासाठी ओरडले. “कोणी सांगितलं व्हतं तुला नीट करायला?”

नंतरचं थोडक्यात. मी शिकले, जालन्यात शाळेत मास्तरीण झाले, आणि चौतीस वर्षं पोरांच्या चुका दुरुस्त केल्या. रूळ मोठे झाले, लाल यंत्र गेलं, रिंगा कुठं गेल्या कुणास ठाऊक. रहीमचाचा आणि चाची गेले, माय गेली. अण्णा शेवटची सहा वर्षं माझ्याकडं होते. करंजगावला नवा उंच फलाट झाला आहे असं ऐकलं तेव्हा त्यांनी बघायचा हट्ट धरला, म्हणून एका दुपारी मुलाच्या गाडीतून त्यांना घेऊन गेले. पादचारी पूल, विजेच्या तारा, स्टीलच्या बाकांची रांग, नळाला थंड पाणी, बायकांसाठी खरीखुरी वेगळी खोली. सगळं होतं, फक्त थांबणाऱ्या गाड्या दिवसाला दोन. आमच्या क्वार्टरच्या जागी दुचाक्या लावायचं शेड होतं. अण्णा बाकावर बसले, काठी गुडघ्यांत धरून. एक लांबच लांब मालगाडी न थांबता गेली. ती जाईपर्यंत बोलता येत नव्हतं. मग मी विचारलं. पन्नास वर्षं विचारायचं राहिलेलं.

“अण्णा, त्या दिवशी तिला का दिली रिंग? मला का न्हाई दिली कधी?”

त्यांना कोण, कुठली रिंग, हे सांगावं लागलं नाही. “तिनं मागितली. तू कधी मागितली व्हती?”

मी आठवून बघितलं. खरंच, नव्हती मागितली.

“मागितली असती तर दिली असती?”

अण्णांनी रुळांकडं बघितलं. गाडीचा शेवटचा डबा वळणावर दिसेनासा झाला होता. “न्हाई,” ते म्हणाले. “तुला न्हाई दिली असती. पाय सरकला असता, खलाशाचा हात लागला असता, मंग? मला दुसरी शकू कुठनं मिळाली असती?”

हे ऐकण्यासाठी मी आयुष्यभर थांबले होते. मला सुख व्हायला हवं होतं, आणि झालंही, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या पाठोपाठ फलाटाच्या कडेला शाळेच्या कपड्यात उभी असलेली ती उंच, हावरट, बडबडी पोरगी माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि मी माझ्याही नकळत बोलून गेले,

“आणि तिचा पाय सरकला असता तर?”

अण्णा माझ्याकडं बघत राहिले.  मग त्यांनी मान खाली घातली, आणि आम्ही घरी निघेपर्यंत ती वर केली नाही.